खोडलेली उत्तरं

उपडी घातलेली बादली डगमगली, तशी शिट्टीने खिडकीचा गज घट्ट धरला आणि नाक काचेला लावलं. आत, चर्चच्या ऑफिसात, टायपिस्ट बाई खाली मान घालून टायपिंग करत होत्या. त्यांच्या कोपराशी पांढऱ्या कागदांचा गठ्ठा होता आणि त्यांच्या खुर्चीमागे त्यांची मुलगी सफरचंद खात उभी होती. उंच, सरळ, वाऱ्यानेसुद्धा न हलणारी, म्हणून तिचं नाव मेणबत्ती. तिचे डोळे थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते.

"बघतेय," शिट्टी काचेला म्हणाली. "डोळे फाडफाडून बघतेय."

एवढ्यात बादलीने दगा दिला आणि शिट्टी पाळकसाहेबांच्या गुलाबाच्या वाफ्यात बसली. काटा कुठे टोचला ते तिने घरी कुणालाच सांगितलं नाही.

आता शिट्टी म्हणजे कोण, तर कुकरच्या शिट्टीसारखी हसणारी, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात गुपितं सांगणारी नववीतली मुलगी. आणि बघण्यासारखं काय होतं, तर प्रश्नपत्रिका. तीन आठवड्यांनी रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या मंडळीतल्या मुलांची शास्त्राची, म्हणजे बायबलची, परीक्षा होती. प्रश्न वीस. दरवर्षी पहिल्या नंबराला पत्र्याचा पेला मिळायचा, जो दुसऱ्या वर्षी काळा पडायचा. यंदा मात्र फर्निचरच्या दुकानवाल्यांनी सायकल दिली होती. निळी. सात गिअरची. हॉलच्या कोपऱ्यात ती चादरीखाली झाकून ठेवली होती, पण पुढचं चाक बाहेर राहिलं होतं, चादरीबाहेर पाय राहावा तसं. शिट्टीने चादर उचलून पाहिली होती फक्त दोनदा. घंटी वाजवली फक्त एकदा, आणि ती सगळ्या हॉलने ऐकली.

शाळेतून येताना कोपऱ्यापर्यंत मैत्रिणी तिच्यासोबत सायकली हातात धरून चालायच्या. मग टांग मारून निघून जायच्या. शिट्टीचा विनोद रोज त्या कोपऱ्यावर अर्धा राहायचा. अर्धा विनोद घेऊन माणसाने एकट्याने घरी जायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

म्हणून तिने भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर पुरावे लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ होती: मला आधीच वाटलं होतं. खाली नोंदी. मेणबत्ती मधल्या सुट्टीत शास्त्र वाचत नाही. मेणबत्तीने आज जांभई दिली. परीक्षा डोक्यावर आली असताना जांभई कुणाला येते? ज्याला पेपर माहीत असतो त्याला.

"अगं, झोप झाली नसेल तिची," आई म्हणाली. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावून संध्याकाळी तिला कशातलंच काही बारीक बघायची इच्छा नसायची.

बारीक बघायचं काम घरात आजोबांचं होतं. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी कानावरची तांबडी पेन्सिल निवृत्त झाली नाही. औषधाच्या बाटलीसोबतचा कागदसुद्धा ते तपासायचे. नको असलेल्या शब्दावर आडवी रेघ मारून तिच्या शेपटाला एक छोटी गाठ द्यायचे. एकदा बारा वाजून पाच मिनिटांनी ते शेजाऱ्यांना सुप्रभात म्हणाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले, चूक दुरुस्त करून आले. शेजारी अजून ती गोष्ट सांगतात. मंडळीत कुणाचं भांडण झालं तर दोन्ही बाजू म्हणत, आजोबांना विचारा, ते म्हणतील ते खरं.

परीक्षेचं जाहीर झालं तेव्हा आजोबांनी शिट्टीचं शास्त्र उघडून पाहिलं होतं. खूण म्हणून आत कॅटलॉगमधून कापलेलं सायकलचं चित्र होतं.

"शास्त्र वाचतेस की सायकल?"

"दोन्ही."

"एका माणसाला दोन धन्यांची चाकरी जमत नाही म्हणतात."

"एक धनी पायी चालतो, आजोबा, दुसरा चाकांवर. जमवते मी मधल्या वेळात."

आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. पण नंतर ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले होते.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळीच ते इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन बाहेर पडले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. दुपारी परत आले. शिट्टी विचारणार होती, कुठे गेला होता म्हणून, पण तेव्हा तिच्या डोक्यात बादली होती आणि अंगात काटा.

त्या दिवसापासून चहाच्या वेळी आजोबा प्रश्न विचारू लागले. आणि प्रश्न तरी कसले.

"ते लांबलेलं प्रवचन ऐकता ऐकता झोप लागून खिडकीतून पडला तो तरुण. कितव्या मजल्यावरून?"

"तिसऱ्या. पण आजोबा, हे कोण विचारतंय?"

"त्या डावऱ्याने खंजीर कोणत्या मांडीला बांधला?"

हे शिट्टीला माहीत नव्हतं. आजोबांनी पान काढून दिलं. उजव्या. त्या धिप्पाड राजाचा पलंग कशाचा? लोखंडाचा. दारावरचा आवाज ओळखूनही मोलकरणीने दार का उघडलं नाही? आनंदाच्या भरात, उघडायचं सोडून तशीच आत सांगायला पळाली म्हणून. ही मोलकरीण शिट्टीला फार आवडली. आपणही हेच केलं असतं, असं ती म्हणाली. पण बाकीच्या प्रश्नांनी तिचा जीव मेटाकुटीला यायचा. परीक्षेत शिष्यांची नावं येतात, आज्ञा येतात, पुस्तकांचा क्रम येतो.

"कामाचं विचारा ना हो आजोबा."

"मोठी अक्षरं सगळेच वाचतात," ते म्हणत. "तू बारीक वाच."

एकदा त्यांनी देवाचा निरोप आणणाऱ्या त्या संदेष्ट्याच्या नोकराची गोष्ट काढली. धन्याने एका सेनापतीचा रोग बरा करून त्याची भेट नाकारली, पण हा गुपचूप सेनापतीच्या मागे धावत गेला, धन्याच्या नावाने कपड्यांचे दोन जोड मागून आणले आणि घरात लपवले. परत येऊन उभा राहिला तेव्हा धन्याने विचारलं, कुठून आलास?

"मग नोकर काय म्हणाला?"

"कुठंच गेलो नव्हतो म्हणाला. काय बावळट! संदेष्ट्याला थापा?"

आजोबा कपात चमचा फिरवत होते. साखर केव्हाच विरघळली होती.

"बावळट नव्हता गं तो," ते म्हणाले. "लोभ आला होता त्याला." आणि चहा तसाच ठेवून उठले.

परीक्षेच्या दिवशी सायकलीवरची चादर काढलेली होती आणि हँडलला रिबीन होती. सतरा मुलं बाकांवर बसली. शिट्टीच्या वाट्याला नेमकी मेणबत्तीच आली, मध्ये दोघींचे कंपास. मागे आईवडिलांच्या खुर्च्या. शिट्टीने ठरवलंच होतं, पेपर फुटलेला दिसला की उभं राहून सांगायचं, सगळ्यांदेखत. वही तिने पिशवीत आणली होती.

पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, की टायपिस्ट बाईंची मुलगी परीक्षेला असल्यामुळे बाईंनी स्वतःच हे काम नको म्हटलं. पेपर मग पाळकसाहेबांनीच, दोन बोटांनी, आपल्या घरी टाइप केला. आणि प्रश्न ज्यांनी काढले त्यांचं नाव ते सांगणार नाहीत, पण त्या माणसावर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे.

पिशवीतली भूमितीची वही एकदम जड झाली. शिट्टीने पिशवी पायाने बाकाखाली ढकलली.

पेपर आला. पहिला प्रश्न: प्रवचन ऐकताना झोप लागलेला तरुण कितव्या मजल्यावरून पडला?

शिट्टीला हसूच आलं. तिने लिहिलं. दुसरा, डावऱ्याचा खंजीर. लिहिलं. पलंग. लिहिलं. हात असा धावत होता की जणू उतारावर ब्रेक सोडलेत. काय नशीब आहे, चौथाही येतो, पाचवाही. सहाव्याला हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या खाली काही नव्हतं. सातवा तिने वाचण्याआधीच ओळखला.

आठवा त्या नोकराचा होता. तो तिला कपातल्या चमच्याच्या आवाजासकट ऐकू आला.

तिने मागे वळून पाहिलं. आईने दोन बोटं हलवली. शेजारी आजोबा छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते शिट्टीकडे पाहत नव्हते. सायकलीकडे पाहत होते.

चुकून झालं असेल. प्रश्न काढता काढता तोंडून निघाले असतील. म्हातारपण आहे. पण बाटलीच्या कागदावरचा एक अधिक ठिपका ज्याला झोपू देत नाही, त्याच्या तोंडून तीन आठवडे, रोज, ओळीने निघतील? शिट्टीने उरलेले प्रश्न वाचले. मग हळूहळू निवडले, तांदळातून खडे निवडावेत तसे. अकरावा तिला लहानपणापासून येत होता. चौदावा संडे स्कूलमध्ये झाला होता. एकोणिसावा आणि विसावाही तिचेच. बाकीचे चहाचे.

शेजारी मेणबत्ती पेन चावत होती. समोर उन्हाची एक तिरीप सायकलीच्या घंटीवर पडली होती.

शिट्टीने चार उत्तरं लिहिली. मग पट्टी काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मजल्यावर आडवी रेघ. मांडीवर रेघ. पलंगावर रेघ. हाताच्या सवयीने प्रत्येक रेघेच्या शेपटाला एक छोटी गाठ आली.

पेपर तिथल्या तिथे तपासून झाले. मेणबत्तीला तेरा गुण मिळाले आणि सायकल मिळाली. टाळ्या वाजत असताना पाळकसाहेबांनी शिट्टीचा पेपर हातात घेऊन तिला बाजूला बोलावलं. आई कप विसळायला आत गेली होती. आजोबा चार पावलांवर उभे होते.

"बाळ, ही सगळी बरोबर होती. खोडलीस का?"

"माझी नव्हती ती."

"तुझी नव्हती म्हणजे?"

शिट्टीने बुटांच्या टोकांकडे पाहिलं. पाळकसाहेबांची नजर कागदावरून बाकाकडे गेली, दोन कंपास होते त्या जागेकडे, आणि हळूहळू खाली आली.

"शेजारी बघून लिहिलीस, आणि मग मन खायला लागलं. असंच ना?"

एक वाक्य पुरलं असतं. पण ते आजोबांच्या नावाशिवाय पुरं होत नव्हतं. तिने मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"खोडलीस ते बरं केलंस," पाळकसाहेब कागदाची घडी घालत म्हणाले. "पण पुन्हा नको."

मेणबत्तीने आपला कंपास पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली.

"मला आधीच वाटलं होतं," ती आपल्या आईला म्हणाली. फार मोठ्याने नाही. पुरेसं.

घरी जाताना आजोबा आणि शिट्टी दोघंच होते. दुकानं बंद, रस्ता रिकामा. आजोबांच्या कोपराला छत्री लटकत होती आणि पावलागणिक त्यांच्या गुडघ्याला लागत होती. मागून घंटी वाजली, दोघं बाजूला झाले. मेणबत्ती सायकल हाताने ढकलत गेली. तिला चालवता येत नव्हती. तिच्या आईने आजोबांना मान लववली. शिट्टीकडे पाहिलं नाही.

बरंच चालून झाल्यावर आजोबा म्हणाले, "आठवत होतं ना तुला सगळं?"

"हो."

"मग?"

तीन आठवडे शिट्टीने जगातल्या प्रत्येकावर प्रश्न काढले होते. आता तिच्याकडे एकच होता आणि तोसुद्धा तिने फार हळू विचारला. शेजारच्या तीन घरांना सोडा, शेजारच्या माणसालाच जेमतेम ऐकू गेला.

"त्या मंगळवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून कुठे गेला होता?"

"कुठं... कुठंच नाही."

आणि आजोबांची पावलं थांबली.

शिट्टीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावर दोघांच्या सावल्या होत्या. त्यातल्या उंच सावलीचा हात कानाकडे गेला, त्याने पेन्सिल काढून घेतली, काही वेळ तशीच धरली आणि मग ती खिशात गेली.

"माझी छत्री हॉलमध्ये राहिली वाटतं," आजोबा म्हणाले. आवाज छापखान्यात दिवसभर मोठ्याने वाचून बसावा तसा बसला होता. "तू हो पुढे. पाळकसाहेब अजून तिथेच असतील."

शिट्टीने त्यांच्या कोपराकडे पाहिलं.

"असतील," ती म्हणाली.

ते परत फिरले. शिट्टी पुढे झाली नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. आजोबा चालत होते, त्या सुप्रभातच्या दिवशी गेले होते तसे भरभर नाही, पण थांबतही नव्हते. कोपऱ्यावर वळताना छत्री भिंतीला खरखर घासली. त्यांनी खाली पाहिलं नाही.