शहाणं लेकरू

"हा रडत नाई काऊन?" सोमाजीनं विचारलं.

डोमा झोळीत निजला होता. बाप चामोर्शीहून आला होता, डोंग्यानं वैनगंगा ओलांडून आणि पुढे मोटारीत उभ्यानं. आल्या आल्या त्यानं पोराचे गाल ओढले, तळपायाला गुदगुल्या केल्या, शेवटी उचलून छातीशी धरलं. दहा महिन्यांच्या पोरानं डोळे किलकिले करून बापाकडे पाहिलं आणि पुन्हा मान टाकली.

"शहाणा झाला तो," भागीरथा म्हणाली. तिच्या आवाजात गर्व होता. या परदेसात तिच्या मनासारखी तेवढी एकच गोष्ट घडत होती.

परदेस म्हणजे चांदा शहर. नदीपलीकडचं सगळं जगच सासूच्या, रुखमाबाईच्या लेखी परदेस होतं. सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम शिकवतात आणि शिकलेल्या बाईला आपल्याच तालुक्यात नोकरी देतात, हे कानावर आल्यापासून भागीरथेनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी सासू म्हणाली, "जा. पण लेकरानं रडारड केली, तं सोमाजी दुसऱ्या दिवशी घेऊन येईल तुले."

आणि डोमानं पहिल्या दिवसापासून रडारडच केली होती. भागीरथा वर्गात बसली की तिची चोळी दुधानं भिजायची. फळ्यावरचं काही डोक्यात शिरायचं नाही. धानाच्या मुलखातली ती बाई, ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नव्हती. विहिरीचं पाणी मचूळ. खोलीमागच्या परकोटाचा, गावाच्या जुन्या तटाचा दगड दिवसभर तापायचा आणि रात्री ती धग खोलीत यायची. ती एका जागी बसायचीच नाही. उठायची, भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची.

मग घरमालकीण सोनीबाई मदतीला आली. म्हातारी ओसरीवर विड्या वळायची. "ठेव माह्याजवळ," ती म्हणाली. "माही चार वाढली, हा पाचवा." आणि दोन-चार दिवसांत डोमा गप्प झाला. भागीरथा संध्याकाळी यायची तेव्हा तो निजलेला असायचा. आळीतल्या बाया म्हणायच्या, किती शहाणं लेकरू!

"माह्या पाठचे दोघं असेच होते मने," सोमाजी पोराला थोपटत म्हणाला. "माय सांगते. घरात लेकरू हाय असं वाटतच नोतं. देवानं नेले, पण गुणाचे होते." मग तो वाकला. "याचे डोळे घारे झाले काय वो?"

"तुमच्या बापावर गेला असन."

सोमाजी हसला. चार घास खाऊन, लुगड्यात बांधून आणलेले तांदूळ ठेवून तो समाधानानं परत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. वर्ग घेणाऱ्या नर्सबाई नागपूरच्या होत्या. आवाज खणखणीत, एक वाक्य दोनदा सांगायच्या नाहीत.

"खेड्यात गेलात की काही लेकरं फार शांत दिसतील," त्या म्हणाल्या. "आई सांगेल, गुणी आहे हो. तुम्ही खूश होऊ नका. पापणी वर करून बघा. अंधाऱ्या खोलीतसुद्धा डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तर त्याला अफू देतायत असं समजा. असं मूल दूध नीट ओढत नाही, त्याचं पोट साफ होत नाही, आणि एखाद्या दिवशी ते श्वास घ्यायचं विसरतं."

भागीरथा उठली. परवानगी वगैरे काही नाही. नर्सबाई मागून ओरडत राहिल्या आणि ही रस्त्यानं पदर सावरत धावत सुटली.

झोळीतल्या डोमाची पापणी तिनं बोटानं वर केली. घारा डोळा आणि मधोमध बारीकसा काळा ठिपका. बाहुली आकसून बुबुळच तेवढं दिसत होतं, म्हणून नवऱ्याला ते डोळे घारे वाटले होते.

"काय देता त्याले?" ती ओसरीवर येऊन किंचाळली.

सोनीबाईच्या हातात अर्धी वळलेली विडी होती. तिनं लपवाछपवी केली नाही. "तिळाएवढी देल्ली वो, नखावर. सगळ्याच देतेत. मी वावरात रोवणीत राहो, लेकरू बांधाच्या धुऱ्यावर. नाई निजवलं तं चिखलात घुसन, किडाकाटी चावन. माहे चारी जगले." मग तिचाही आवाज चढला. "मी काय वैरीण हाय काय? तुह्यासाठी आकांत करे तो. पाहवत नोतं मले."

भागीरथेला तिचं नरडं धरावंसं वाटलं. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर राग सगळा तिच्यावर नव्हताच. पोर का रडत नाही, हे बापानं विचारलं होतं. शिकायला आलेल्या आईनं ते एकदाही विचारलं नव्हतं. तिला ती शांतता हवी होती.

ती पोराला तसंच दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ठेवून घेतलं, हळूहळू त्याची सवय कमी केली आणि घरी पाठवताना सांगितलं, अजून बरेच दिवस रडेल, रडू द्या. तसा तो रडला. अंग ताठ करून, मुठी आवळून, घसा बसेपर्यंत. शहाणं म्हणणाऱ्या बाया आता दारं लावून घेऊ लागल्या. सोनीबाई तोंड फुगवून का होईना, त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरायची, पण म्हातारीचे हात लवकर भरून यायचे. भागीरथेचे खाडे वाढले. परीक्षा तोंडावर आली होती. नर्सबाई म्हणाल्या, "मुलाला सांभाळायला घरचं माणूस आणा, नाहीतर पुढच्या वर्षी या." पुढचं वर्ष कसलं येतंय! एकदा परत गेली की रुखमाबाई तिला नदी ओलांडू देणार नव्हती.

चांद्याच्या बाजाराला आलेल्या कुणीतरी पोराच्या रडारडीची बातमी चामोर्शीला पोचवली. सोमाजी आला तो रस्त्यावरूनच पोराचा टाहो ऐकत.

"गाठोडं बांध," तो म्हणाला. बसलाही नाही.

तिनं सगळं सांगितलं. काहीच ठेवलं नाही.

सोमाजीनं पागोटं काढून घाम पुसला. "एवढंच ना? मंग देत जा न तिळभर. तोबी निजन, तुहीबी परीक्षा होईन. मलेबी देल्ली मायनं. मी मेलो काय?"

"तुमी नाई मेले," भागीरथा म्हणाली. "पाठचे दोघं?"

सोमाजीनं हातातलं पागोटं खाली ठेवलं. गुणाची होती ती दोघं. आवाज नव्हता त्यांचा. निजल्या ठिकाणीच गेली. आईच्या तोंडून हे तो लहानपणापासून कौतुकानं ऐकत आला होता. तो उंबऱ्यावर बसला आणि डोमाकडे पाहू लागला. डोमाचं तोंड लालबुंद झालं होतं, नाक वाहत होतं.

"मायले सांगजो नोको," तो शेवटी म्हणाला. "मरून जाईन थे."

"नाई सांगत."

त्यानं उठून पोराला खांद्यावर घेतलं, तेही उलटंच. भागीरथेनं सरळ करून दिलं.

"धान कापाले आलं ना?" तिनं विचारलं.

"कापतीन भाऊबंद. तू जा."

ती निघाली. बाळंतिणींच्या खोलीत आज तिची पाळी होती. अंगणातून डोमाचा आवाज येत होता, आळीच्या टोकापर्यंत आला. वळणावर पोचली तेव्हा तो एकदम थांबला.

तीही थांबली. इतके दिवस तिनं याच शांततेसाठी देवाला हात जोडले होते. आता ती परकोटाच्या भिंतीला हात टेकून उभी राहिली.

मग डोमानं पुन्हा भोकाड पसरलं. भागीरथेनं पदर खोचला आणि ती दवाखान्याकडे चालू लागली.