दुखलं तर सांगा

शिंप्याची बायको वारली त्या दिवशी लेकीच्या हाती बटणांचा डबा लागला. बटणांखाली दुखण्यावरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, चांगली सात-आठ. म्हणजे छातीतलं दुखणं बाईनं महिनाभर अंगावर काढलं होतं. शिंप्यानं विचारलं की उत्तर एकच, "काही नाही हो."

रोज सकाळी त्याच्यासाठी सुया ओवून ठेवायची तीच. चौथ्या दिवशी ओवलेल्या सुया संपल्या, आणि आपल्याला नेढं दिसतच नाही हे शिंप्याला कळून चुकलं. मोतीबिंदू पार पिकला होता.

लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी बायकोनं दुपटं शिवायला घेतलं होतं. तीन कडा झाल्या होत्या. चौथी मी शिवते, असं लेक म्हणाली. तुझे टाके पोर कुशीवर वळायच्या आत उसवतील, असं म्हणून त्यानं दुपटं काढून घेतलं आणि ऑपरेशनची तारीख ठरवून आला.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं. इंजेक्शन नाही, नुसते थेंब घालून डोळा बधिर करायचा. तुम्ही जागेच असाल. दिव्याकडे बघायचं, मान हलवायची नाही. दुखलं तर तोंडानं सांगा, औषध वाढवता येतं. मुकाट्यानं सोसणारे मला नकोत, ते ऐनवेळी दचकतात.

थेंब आधी झोंबले, मग डोळा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा झाला. पाण्याचा गारवा कळत होता, दिवा विरघळत होता. मध्येच आत खोल कळ आली. शिंप्यानं श्वास रोखून धरला. पूर्वी स्वतः दोरा ओवताना रोखायचा, अगदी तसाच. तेव्हा बायको म्हणायची, "श्वास घ्या की. दोरा ओवताय का विहिरीत उडी मारताय?"

"आजोबा, दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही ना..." एवढं तोंडातून निघालं आणि तो थांबला. हे उत्तर त्यानं महिनाभर ऐकलं होतं, आणि खरं मानलं होतं.

"दुखतंय," तो म्हणाला.

बाईंचा हात जागीच थांबला. औषध वाढवलं. कळ ओसरली. "बरं केलंत सांगितलंत," म्हणून त्यांनी उरलेलं काम पुरं केलं.

तीन आठवड्यांनी, शिवायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंनी म्हटल्यावर, शिंप्यानं खिडकीशी बसून सुई ओवली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दोरा गेला.

दुपट्याची चौथी कड अजून शिवायची आहे.