वाटाणे भरलेल्या उशीचं गाऱ्हाणं

अहो, इकडे बघा जरा! कपाटात नाही, त्या बुटक्या खुर्चीवर. तपकिरी, पोट सुटलेली, अंगावर एक खिसा असलेली जी दिसतेय ना, ती मी. मी उशी आहे. पण डोक्याखाली घ्यायची नव्हे हं, मांडीवर ठेवायची. माझ्यावर आजवर कुणी घोरलेलं नाही, आणि घोरायला गेलाच तर मान अवघडून उठेल. कारण माझ्या पोटात कापूस नाही, वाटाणे आहेत. सुके, कडक, ठासून भरलेले. मी वजनदार आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

माझा जन्म एका पँटमधून झाला. पँट आमच्या बाईंच्या नवऱ्याची, मांडीवर खिसा असलेली, चांगली धडधाकट. बाईंनी एका दुपारी तिचा एक पाय कापला, खालून शिवला, वरून वाटाणे ओतले, तोंड शिवून टाकलं आणि झाले मी. संध्याकाळी नवरा घरी आला. पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा साधा माणूस. हातपाय धुऊन त्यानं कपाट उघडलं आणि तिथेच उभा राहिला.

"अगं, माझ्या पँटचा एक पाय कुठाय?"

"शाळेत लागतोय."

"शाळेत? माझा पाय?"

"तुमचा नाही हो, पँटचा. दुसरा आहे की शिल्लक!"

"दुसरा घेऊन मी काय करू? लंगडी घालत जाऊ कामाला?"

तो पुष्कळ बडबडला. पण त्याचा राग म्हणजे दुधाचा ऊत, आला तसा खाली जातो. जेवण झाल्यावर त्यानंच मला हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "टाका दुहेरी घाल. पोरं ओढतील." मला तो माणूस तेव्हापासून आवडतो.

आता शाळेचं सांगते. लांबलचक व्हरांडा संपतो तिथे, मोडक्या बाकांच्या खोलीला लागून आमचा वर्ग. दारावर 'विशेष वर्ग' अशी पाटी. इथला पंखा विशेष हळू फिरतो आणि नळाला विशेष कमी पाणी येतं, बाकी विशेष काही शाळेनं दिलेलं नाही. मुलं मात्र खरंच निराळी. कुणाला बोलता येत नाही, कुणाला गलका सोसत नाही, कुणाचं एका जागी बूड टेकत नाही. अशा मुलांच्या मांडीवर काही जड ठेवलं की त्यांचा जीव शांत होतो. म्हणून मी. शाळेकडे मागून मागून बाईंचं तोंड दुखलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या कपाटाला हात घातला.

वर्गाच्या कायमच्या बाई रजेवर गेल्या त्या गेल्याच. त्यांच्या जागी आमच्या बाई आल्या, तात्पुरत्या. म्हणजे ज्या दिवशी याल त्या दिवसाचे पैसे. शाळेला सुट्टी लागली की बाईंच्या चुलीलाही सुट्टी. बरं, इतर वर्गांवर तात्पुरत्या येणाऱ्यांना निदान शिक्षकाचा दर मिळतो. आमच्या बाईंना मदतनिसाचा. का, तर मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "तिथे शिकवायचं कुठे असतं हो? सांभाळायचंच तर असतं!"

सांभाळायचंच तर असतं! मी नुसती उशी आहे, पण माझेसुद्धा वाटाणे तडतडले. या एकदा आणि सांभाळून दाखवा.

भिंगरीचंच बघा. हे तिचं खरं नाव नव्हे, पण दिवसभर गोल गोल फिरते म्हणून बाई लाडानं तसंच म्हणतात. बोलत नाही. पहिल्या आठवड्यात तिनं बाईंच्या हाताला चावा घेतला, फळा पुसायचं फडकं खिडकीबाहेर टाकलं आणि माझ्या खिशात ओला खडू कोंबला. बाईंच्या नाकी नऊ आले. एके दिवशी बाईंनी काही न बोलता तिला खुर्चीवर टेकवलं आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. भिंगरीनं दोन्ही हातांनी मला दाबलं. वाटाणे कुरकुरले. तिनं पुन्हा दाबलं. मग एक मोठा श्वास सोडला आणि बसून राहिली. खरं सांगते, एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्यानंतर वर्गाचा कायदाच ठरला. ज्याचा पाय थरथरेल, त्याच्या मांडीवर उशी. पाय थांबेपर्यंत त्यानं उठायचं नाही. हा कायदा सगळ्यांत कडक कोण पाळतं? भिंगरी! दुसऱ्या कुणाचा पाय नुसता हलला तरी ती मला फरफटत नेऊन त्याच्या मांडीवर आदळते आणि समोर उभी राहून पहारा देते.

मग बाईंनी तिला जगमधून पेल्यात पाणी ओतायला शिकवायला घेतलं. तुम्ही हसाल. हसू नका. त्या पाण्यापायी फरशी किती वेळा न्हाली, बाईंचे कपडे किती वेळा भिजले, विचारू नका. पण एका सकाळी भिंगरीनं जग उचलला, पेला भरला, काठोकाठ येण्याआधी थांबली आणि गटागटा प्यायली. बाई तिथेच फरशीवर बसून रडल्या. व्हरांड्यातून जाणाऱ्या मोठ्या बाई दारात डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय झालं? पडलात का?"

असं सगळं छान चाललं होतं, आणि घरमालकानं भाडं वाढवलं.

मला बाई रोज पिशवीतून घरी नेत, उसवलेलं शिवायला. त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर येई. नवऱ्याच्या मामेभावाचं चपलांचं दुकान होतं. तो म्हणाला होता, वहिनींना गल्ल्यावर बसवतो, महिन्याचा पगार, सुट्टीचेही पैसे.

"ये म्हणतोय तो," नवरा म्हणाला. "मी काही जबरदस्ती करत नाही. पण माझ्या एकट्याच्या पंख्या-मिक्सरवर आता भागत नाही गं."

"कळतं हो मला."

"चपला चावत तरी नाहीत."

"नव्या चावतात की," बाई म्हणाल्या आणि दोघं हसली. पण हसणं लवकर सरलं. मग बाई म्हणाल्या, "या महिन्याअखेर सांगते त्याला." टाका घालताना त्यांनी सुई स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. बाई गेल्या तर माझं काय, हे नंतर. भिंगरीचं काय? नवीन माणूस आलं तर ते पोर पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागणार.

तेवढ्यात शाळा तपासायला साहेब आले. मोठ्या बाईंचं धाबं दणाणलेलं. आमचा वर्ग त्यांना साहेबांना दाखवायचाच नव्हता, पण साहेबच व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत आले आणि खुर्ची ओढून बसले. मांडीवर फोन, कपाळावर आठी, आणि पाय? शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत होता.

भिंगरीनं तो पाय बघितला. झालं! तिनं मला उचललं आणि थेट साहेबांच्या मांडीवर आदळलं. साहेब "अगं आई गं!" म्हणाले. फोन खाली.

"अहो, घ्या तिला बाजूला!" मोठ्या बाई किंचाळल्या. साहेब उठायला गेले, तर भिंगरीनं दोन्ही हातांनी मला दाबलं. म्हणजे साहेबांना दाबलं.

"पाय थांबेपर्यंत उठता येत नाही, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्गाचा नियम आहे."

साहेब बसले. करतात काय! आधी लाजले, मग घामेजले. मग हळूहळू त्यांचा पाय मंदावला आणि थांबला. भिंगरीनं हात काढले. साहेब मात्र उठेनात. डोळे मिटून, माझ्यावर हात ठेवून तसेच बसले.

"किती दिवसांनी बरं वाटलं," ते म्हणाले. "कुठून मागवलीत ही?"

"नवऱ्याच्या पँटमधून."

मोठ्या बाईंना ठसका लागला. पण आमच्या बाई आता थांबणार नव्हत्या. "साहेब, ही घरी शिवता येते. माझा दर घरी वाढवता येत नाही. मी शिक्षकाचं काम करते, पैसे मदतनिसाचे मिळतात. असंच राहिलं तर महिन्याअखेर मी चाललेय."

साहेबांचा चेहरा पडला. "माणसासाठी तरतूद नाही हो, बाई. साहित्यासाठी आहे. भरपूर आहे." आणि मला थोपटत म्हणाले, "अशा उशा मागवतो सगळ्या शाळांना!"

आणि खरंच आल्या! निळ्या, गुळगुळीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एकेकीची किंमत ऐकून बाईंचे डोळे पांढरे झाले. माझा तर जळफळाट झाला. मी अख्खी झाले ती जुन्या पँटवर आणि किराण्यातल्या वाटाण्यांवर! पण गंमत पुढेच आहे. त्यांच्यावर छापलं होतं, 'प्रशिक्षित व्यक्तीनेच वापरावी.' आता उशीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आणायचा कुठून? बाईंकडे शिकवायची पदवी आहे, उशीची नाही. मोठ्या बाईंनी निळ्या उशा कपाटात कोंडल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली. सगळ्या शाळांत हाच प्रकार.

साहेब पुन्हा धावत आले. "बाई, उशी कशी वापरायची हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही प्रशिक्षक व्हा. रोज एका शाळेत जायचं. प्रशिक्षणासाठी तरतूद आहे." आणि त्यांनी आकडा सांगितला. बाईंनी तो दोनदा विचारला.

घरी नवरा खुर्चीतून उठलाच. "म्हणजे पोरं सांभाळली तर चिल्लर आणि उशी सांभाळली तर नोटा?"

"तसंच दिसतंय."

"मग जा की! दुकानाची गरजच नाही."

"आणि भिंगरी?"

तो मला मांडीवर घेऊन बसला, त्याचाच पाय हलत होता. पाय थांबल्यावर म्हणाला, "हे बघ, पंखा घरोघर फिरून दुरुस्त करतात. पण मोठं मशीन असलं की लोकांना मशीनपाशी यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना गाठलं. "प्रशिक्षण देते. पण माझ्याच वर्गात, माझ्या मुलांबरोबर. शिकणाऱ्यांनी इथे यायचं."

"असं कसं? त्यासाठी सभागृह घ्यायला लागतं."

"सभागृहाचं भाडं वाचेल, साहेब."

साहेब थांबले. वाचण्याचं नाव काढलं की या लोकांचे कान टवकारतात. "चहाचाही खर्च वाचेल का?" त्यांनी विचारलं.

"पाणी मिळेल," बाई म्हणाल्या. "भिंगरी ओतून देईल."

तेव्हापासून आमच्या वर्गात रोज मोठमोठ्या शाळांचे शिक्षक येतात, बुटक्या खुर्च्यांवर अंग चोरून बसतात आणि भिंगरी एकेकाच्या पायावर नजर ठेवते. परवा मोठ्या बाईही शिकायला बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मलाच आदळलं तिनं, निळीला नाही. मी अंग जरा सैल सोडलं, म्हटलं बसू दे वजन चांगलं.

चपलांचं दुकान तूर्त टळलंय. माझं आता वय झालंय. एका कोपऱ्यातून वाटाणा बाहेर डोकावतो, भिंगरी तो बोटानं आत ढकलते. अजून काही वर्षं निघतील माझी. काळजी आहे ती वेगळीच. हे प्रशिक्षण या वर्षापुरतं. पुढल्या वर्षी सगळ्यांना उशी वापरता येऊ लागली की बाई पुन्हा मदतनिसाच्या दरावर.

म्हणून तुमच्यापैकी कुणी साहेब असेल, साहेबांच्या ओळखीचं असेल, तर एवढं कानावर घाला त्यांच्या. आमच्या बाईंच्या हातात आता बरे पैसे पडतात हे खरं, पण ते माझे आहेत. कागदोपत्री त्या उशी शिकवतात. त्या पोरीला शिकवल्याचे पैसे त्यांना अजून कुणी दिलेले नाहीत.