कांबीतोचा सरळ पाय

मी एक जुना पाय आहे. उजवा, मांडीपासून बोटांपर्यंत, आणि लाकडाचा. दचकू नका, मित्रांनो. माझ्यावर कधी कुणी चाललेलं नाही. डोंगरावरच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमागे नवसाची खोली आहे, तिथे तुळईला मी टांगलेला आहे. माझ्या शेजारी लाकडी हात आहेत, मुंडकी आहेत, एक कान आहे. ज्याचं जे दुखतं ते बरं झालं की त्याचं लाकडी रूप इथे आणून टांगायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. वारा सुटला की आम्ही सगळे एकमेकांवर आपटतो आणि खालचे यात्रेकरू घाईघाईने छातीवर क्रूस काढतात. इतकी वर्षं झाली, पण मलाही अजून त्या आवाजाची भीती वाटते.

मी कुणाचा पाय, ते आधी सांगतो. आमच्या देशात फुटबॉलचे देव पुष्कळ झाले, पण आमच्या या धुळीच्या गावाला मिळाला एकच. त्याचं नाव देओ. त्याचा उजवा पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेला होता, म्हणून सगळे त्याला कांबीतो म्हणत, म्हणजे वाकडी काटकी. समोरच्या खेळाडूला त्या गुडघ्याकडे पाहून वाटायचं, हा आता पडतोय. तोवर चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असायचा. रेडिओवरचा माणूस "कांबीतो कुठे गेला? अहो, कांबीतो कुठे गेला?" म्हणून ओरडत राही आणि गोल झाल्यावरच त्याला उत्तर मिळे. देओच्या अंगावर देशाचा पिवळा सदरा चढला तेव्हा आमच्या गावातली शहाणीसुरती माणसं रस्त्यात नाचली होती.

मग एका सामन्यात तोच गुडघा मोडला. बातमी आली त्या दिवशी त्याची आई इदालीना तडक सुतार अनाक्लेतोच्या ओसरीवर गेली. नवसाचे अवयव तोच कोरायचा. मी तेव्हा त्याच्या ओसरीच्या कोपऱ्यात उंबुरानाच्या झाडाची एक फांदी होऊन पडलो होतो आणि सगळं ऐकत होतो.

"पाय हवाय," इदालीना म्हणाली. "उद्याच टांगायचाय."

"इदालीनाताई, आधी गुण येऊ दे. नवस मागून फेडायचा असतो," अनाक्लेतो म्हणाला. "संताला आगाऊ देऊन कसं चालेल? तो काय वाणी आहे?"

"आधी दिला की त्याला नाही म्हणता यायचं नाही. तू मला शिकवू नकोस."

अनाक्लेतोने मान हलवली आणि मला उचललं. मी जन्माचा वाकडा होतो. त्याने मला उन्हात धरून फिरवलं आणि त्याचा चेहरा खुलला. "ही बघ, ताई! अगदी देओचाच पाय. फार तासायलाही नको."

"नको, नको!" इदालीना एकदम म्हणाली. "देवाच्या दारात वाकडा पाय कोण नेतं? सरळ कर. चांगला चारचौघांसारखा कर."

तिचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. देओ तान्हा असताना ती रोज त्याचा पाय फडक्याने फळीला बांधून ठेवायची आणि शेजारणी हसल्या की घरात जाऊन रडायची. अनाक्लेतोने मला सरळ केलं. माझा सगळा बाक ढलप्या होऊन खाली पडला आणि त्याच्या बायकोने त्याच ढलप्यांवर संध्याकाळची कॉफी उकळली. दुसऱ्या दिवशी इदालीना गुडघ्यांवर पायऱ्या चढत आली आणि तिने मला इथे टांगलं.

देओ बरा झाला. राजधानीच्या डॉक्टरांनी हाड कापून पाय सरळ बसवला. गावाने फटाके उडवले आणि खाली मला पाहायला रांग लागली. बायका आपली पोरं उचलून माझ्या टाचेला हात लावायला सांगत. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, ते कौतुक मला फार गोड लागलं.

पण देओ मैदानात उतरला आणि सगळ्यांना कळून चुकलं. तो धावत होता, चेंडूही मारत होता, पण आता तो जिकडे निघाला तिकडेच जात होता. नवखे खेळाडूसुद्धा त्याच्या पायातून चेंडू सहज काढून घेत. "अरे, या सरळ माणसाला घरी पाठवा! आमचा कांबीतो आणा!" लोक ओरडत. वर्षभरात मोठ्या क्लबने त्याला नारळ दिला. गावात एकच बोलणं सुरू झालं. संताला जसा नमुना दाखवला तसाच पाय त्याने दिला. आईने पोराचा खेळ देवाला वाहिला. काही लोक येता-जाता माझ्यावर थुंकूही लागले.

इदालीना मला परत न्यायला आली होती. चर्चचा सेवक तेर्तुलियानो दारात आडवा झाला. "दिलेला नवस खाली उतरत नाही, मावशी. असं केलंस तर आहे तेही जाईल." ती गेली ती पुन्हा डोंगर चढली नाही.

मित्रांनो, खरी भुताटकी त्यानंतर सुरू झाली. कडक उन्हाळ्यात लाकूड आपला मूळचा बाक शोधतं. मी कुरकुरायचो आणि लोक म्हणायचे, कांबीतोचा पाय मैदान मागतोय. गावाने चौकात त्याचा सिमेंटचा पुतळा उभा केला, तो वाकड्या पायाचा. पोरं अजून गुडघा बाहेर काढून त्याच्यासारखी धावतात. आणि खरा देओ दुसऱ्या गावात ट्रकवर पोती चढवायचा. तो चौकातून गेला तरी त्याला कुणी ओळखत नसे, कारण तो सरळ चालायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो इथे आला. केस पिकलेले होते आणि पाठीवर आई होती. तिला आता दिसतही कमी होतं. त्याने तिला माझ्याखाली अलगद उतरवलं. तिने हात वर केला आणि माझी टाच चाचपली.

"मीच मारलं रे तुला," ती म्हणाली. "सरळ कर म्हणाले. माझ्याच तोंडाने म्हणाले."

"आई, गप्प बस. ऐक." देओ जमिनीवर बसला. "डॉक्टरने मला विचारलं होतं. म्हणाला, होता तसा वाकडाच बसवू शकतो. थोडा दुखेल, पण कदाचित खेळशील. की सरळ करू? मीच म्हणालो, सरळ करा."

इदालीनाचा हात माझ्यावर तसाच राहिला. "का?"

"लहानपणी तू माझ्याकडे बघून रडायचीस. देशाचा सदरा घालून आलो तेव्हा लोक नाचले, आणि तू पायाकडे बघून डोळे पुसलेस. म्हटलं, एकदा तरी हिने माझ्याकडे बघून हसावं."

वारा नव्हता, पण माझ्या शेजारचे हात हलल्यासारखे मला वाटले.

"मग," तिने हळूच विचारलं, "हसले का रे मी?"

"हसलीस ना. प्लास्टर काढलं त्या दिवशी. चांगली तोंड भरून हसलीस."

"हो," ती म्हणाली. "हसले होते." आणि मग ती जी रडायला लागली ती देओला आवरेना. तो तिला तशीच पाठीवर घेऊन पायऱ्या उतरला.

खोली भरली की जुने नवस मागच्या अंगणात जाळतात. माझी पाळी आता जवळ आली आहे. मला वाचवा असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी चारचौघांपेक्षा वेगळं चालत असेल, तर त्याच्याकडे बघून आजच हसा. तेवढ्यासाठी त्याला आपला पाय कापून द्यावा लागू नये.