भीतीसरांची खुर्ची

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना सगळं कॉलेज पाठीमागे 'भीतीसर' म्हणे. धर्म आला कुठून? कुणी म्हणतो टोळी एकत्र नाचली त्यातून, कुणी म्हणतो दुखऱ्या जिवाला गुंगी हवी म्हणून, कुणी म्हणतो हरवलेल्या बापाच्या ओढीतून. सर म्हणत, "बाजूला व्हा सगळे. भीती! दुसरं काही नाही." केसांचा कापूस होईपर्यंत त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. अडलं फक्त शेवटचं प्रकरण; त्याला पुरावा हवा होता.

म्हणून त्यांनी कंबरदुखीसाठी खास घडवून घेतलेली स्वतःची खुर्ची जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली, भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: 'बसू नये. बसल्यास होईल ते होईल.' आता माणसं टरकणार, मग नमणार, आणि सर दाराआडून टिपून घेणार.

माणसं नमली हो, टरकली मात्र नाहीत! कारकून तिथे आले की आवाज उतरवत. ग्रंथपालबाई रोज धूळ पुसू लागल्या. गणिताचे दोन मास्तर, ज्यांचा अबोला इमारतीपेक्षा जुना, तिथेच एकमेकांच्या गळ्यात पडले. वरच्या मजल्यावरचा गळका नळसुद्धा त्या दिवसापासून थांबला म्हणतात.

सरांनी शिपायाला कोपऱ्यात गाठलं. "भीती वाटते ना रे?"

"कशाची हो सर? बरं वाटतं."

"पोटात गोळा? थोडा तरी?"

"तुम्ही डोळे वटारले की येतो थोडा."

सर लाकडी स्टुलावर कण्हत बसत. कंबर गेली, खुर्ची गेली, आता सिद्धान्तही चालला! शेवटी वैतागून ते दोरी सोडायला गेले, तर ग्रंथपालबाई आडव्या आल्या. "असं काय करता सर? सगळ्यांची आहे ती."

"माझी आहे! पावती आहे माझ्याकडे!"

"असेल हो," बाई समजुतीनं म्हणाल्या, "पण शोभतं का?"

तेवढ्यात सरांची बायको त्यांचा कमरेचा पट्टा घेऊन धापा टाकत जिना चढून आली. दोरी ओलांडली आणि धप्पकन खुर्चीत बसली. "हुश्श! मेले हे जिने!"

"अगं ऊठ! तिथं बसायचं नाही!"

जिन्यावरच्या सगळ्या माना वळल्या. ओरडले होते खुद्द सर.

"का? घाबरलात?" बायकोनं विचारलं.

सरांनी छातीवर हात ठेवून पाहिला. ठोके नीट. तळवे कोरडे. चिमूटभर भीती असती तरी ग्रंथ तरला असता, पण औषधालाही सापडेना.

"नाही ना वाटत!" ते रडकुंडीला आले. "मग मी ओरडलो का?"

"मला काय विचारता? ग्रंथ तुम्ही लिहिलाय." ती उठली, बैठक हातानं झटकली, सरांच्या कमरेला पट्टा आवळला. "सरळ उभे राहा. आणि हळू बोला हो, इथं तरी."