महादेवाची दोन फुले

मित्रांनो, धुळ्याच्या देवपुरातील एका लहान दवाखान्याच्या माळ्यावर पडलेले मी ईसीजीचे जुने यंत्र आहे. हृदयात वीज खेळते. ती कागदावर उमटवायची, एवढेच मला येई. तापलेली सुई चालू लागली की नातेवाईक हात जोडत. पण १९८८ च्या श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी मी स्वतःच घाबरले.

सोनगीरहून धुरपदाबाईंना जीपमधून आणले होते. उलट्या थांबेनात, हातपाय गार. चिमटे मनगटांना लागले, रबरी फुगे छातीवर बसले, सुई उठली आणि थबकली. कीर्तनात बुवा टाळ थांबवतात, तेव्हा पुढचा ठेका येणार हे आपल्याला ठाऊक असते. इथे तो येईचना! हृदयाच्या वरच्या कप्प्यातला निरोप खाली पोचत नव्हता. मिनिटाला ठोके अवघे चौतीस.

"काय खाल्लं यांनी?" डॉक्टरांनी विचारले.

"काहीच नई, साहेब. उपास शे तिले," मुलगा झुलाल खाली बघत म्हणाला.

"भाऊ, लपवलंत तर आई हातची जाईल."

माझी सुई पुन्हा अडली. तशी सून ताईबाई रडत पुढे आली. "आत्याबाईनी तीर्थ पिधं, साहेब. तांब्याभर. मीच दिधं. देवना तीर्थले जहर कसं म्हनू?"

पिंडीवरची पिवळी कण्हेर सकाळपासून त्या तांब्यात भिजत होती. देठांचा चीक पाण्यात उतरला होता, आणि त्यातले द्रव्य हृदयाची वीज अडवते. डॉक्टरांनी लगेच ॲट्रोपिनचे इंजेक्शन टोचले. "यानं ठोका वाढतो. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यातही हेच द्रव्य असतं."

"मंग धोतराच वाटीसन देऊ का?" झुलालने विचारले.

"मुळीच नको! अंदाजानं दिलात तर तोही जीव घेईल."

मी लिहीत राहिले. चाळीस. बावन्न. पुन्हा चव्वेचाळीस! ताईबाईने पदर तोंडात धरला. दुसरे इंजेक्शन. अठ्ठावन्न. तीन दिवस मला त्या खाटेपासून कुणी हलवले नाही. चौथ्या दिवशी धुरपदाबाई उठून बसल्या.

"रडू नको व, ताई. तीर्थ पाजं, आते चहा पाज!"

पुढे नवे यंत्र आले आणि मी माळ्यावर गेले. त्याची खंत नाही. पण मित्रांनो, फुले देवाला भक्तीने वाहा, पोटात घेऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारले, तर पापाच्या भीतीने गप्प राहू नका. ठोका अडला हे मी दाखवीन. तांब्यात काय होते, ते माणसांनाच सांगावे लागते.