क्लुगेसाहेबांच्या घोट्यावरचा बिब्बा

क्लुगेसाहेब जर्मनीत आठ वर्षं दुसऱ्या डिव्हिजनला मिडफिल्डर होते. मग तुर्कस्तान, मग सायप्रस. वय वाढलं तसे उन्हाकडे सरकत गेले आणि छत्तिसाव्या वर्षी ओमानमधल्या बरक्याच्या एका छोट्या क्लबात येऊन पोचले. मैदानात मधोमध उभं राहून ते बोट दाखवायचे. धावायचं काम बाकीचे करायचे.

बुधवारी त्यांचा घोटा मुरगळला. शुक्रवारी मॅच, हरलं की क्लब खालच्या लीगमध्ये. फिजिओ सलालाला लग्नाला गेलेला. क्लबाचे मालक, म्हणजे अर्बाब, कपडे धुणाऱ्या तानाजीला म्हणाले, "मालिश तूच करतोस ना? हा खेळला नाही तर तुझा व्हिसा खलास."

तानाजी संगमेश्वरचा. घाबरला की त्याला आईचेच उपाय आठवतात. बॅगेतून बिब्बा काढला, सुईला टोचून मेणबत्तीवर धरला आणि तेल सुटल्यावर साहेबांच्या घोट्यावर पाच ठिपके दिले.

"टुमॉरो फर्स्ट क्लास, सर."

गुरुवारी घोट्याची पपई झाली होती. वर फोड.

क्लबाची बस चालवणारा रत्नागिरीचा जाफर वाकून बघत राहिला. "तान्या, बिब्बा उतला रे."

"हळू बोल."

"मराठीत बोलतोय. त्याला काय कळतंय?"

"पाय कळतोय ना."

"गावात उतला तर लोक खोबरेल लावतात. इथे पोलिस लावतील."

तानाजीने खोबरेल लावलं. साहेब नुसते खाजवत राहिले. आता हाकलणार, हे तानाजीने धरूनच चालवलं. त्याने कपडे भरून बॅग जाफरच्या बसमध्ये नेऊन ठेवली.

शुक्रवारी साहेबांनी दोन नंबर मोठा बूट चढवला. शिट्टी वाजली आणि ते मधोमध जाऊन उभे राहिले. दोन मिनिटं. मग खाज सुटली. खाज सुटलेला माणूस उभा राहू शकत नाही. साहेब धावले. डावीकडे, उजवीकडे, एकदा स्वतःच्याच गोलकीपरभोवती. समोरच्या टीमला कळेना याला अडवायचं कुठे. सत्तराव्या मिनिटाला त्यांनी घोटा गोलपोस्टवर घासायला धाव घेतली, तेवढ्यात बॉल गुडघ्याला लागून आत गेला. एक-शून्य.

मॅच संपल्यावर अर्बाबनी तानाजीला ऑफिसात बोलावलं. जाफरने जाता जाता विचारलं, "घरी काय सांगू?"

आत साहेब पाय बादलीत सोडून बसले होते. अर्बाबनी दार लावलं.

"जर्मन सांगतोय, तू काळं औषध लावलंस."

"चूक झाली, अर्बाब."

"चूक कसली? पंधरा वर्षांत हा एवढा धावला नव्हता म्हणे." अर्बाब सोफ्यावर टेकले आणि अंगातला लांब झगा, दिशदाशा, गुडघ्यापर्यंत वर घेतला. गुडघा गोरा, गुबगुबीत, लहान बाळासारखा. "जिना चढताना दुखतो. लाव."

"तुम्हाला... त्रास होईल."

"यल्ला, चल लवकर."

तानाजीने साहेबांकडे बघितलं. साहेब बादलीत बघत होते. त्याने खिशातला बिब्बा सुईला टोचला आणि काडी ओढली. हात इतका थरथरत होता की अर्बाबना वाटलं, हा उपचाराचाच भाग आहे.